मोठी परवडत असूनही छोटी हॅचबॅकच का घेतलीत?

रिकामटेकडा
मंडळी, गाडी बदलायची वेळ आलीये. आत्ताची छोटी हॅचबॅक आहे, तिने भरपूर साथ दिली, पण आता क्लच, सस्पेन्शन, सगळंच एकदम काम काढायला लागलंय. पुढची पण छोटीच घ्यावी असं माझं मत, आणि घरात माझं मत म्हणजे अल्पमत. "एवढे पैसे घालतोच आहेस तर जरा ऐसपैस घे ना" हे रोज ऐकतोय. छोटीच का, हे सांगायला गेलो की तोंडातून 'ॲव्हरेज' एवढंच निघतं आणि मग हायब्रीडचे आकडे माझ्या अंगावर फेकले जातात. मला आपली शंका आहे की ॲव्हरेज हे चारचौघांत सांगायचं कारण आहे, आतलं कारण वेगळंच असतं.

तर ज्यांना मोठी सहज परवडत होती आणि तरी छोटी घेतली त्यांनी लिहा. बजेट नव्हतं म्हणून घेतली हे कारण शंभर टक्के रास्त आहे, पण त्यावर चर्चा काय करणार! छोटी घेऊन पस्तावलेल्यांनी तर नक्की लिहा.

टाकीफुल्ल
ॲव्हरेज. धागा बंद करा.

मालती_म
टाकीफुल्ल :D

मी सांगते. आमच्याकडे आधी सेडान होती, मग हॅचबॅक घेतली, म्हणजे लोकांच्या भाषेत मी खाली उतरले. कारण एकच, मला गाडी कुठे संपते ते कळत नव्हतं. सेडानमध्ये मागच्या काचेतून डिकीचा थोडासा भाग दिसतो, पुढचं सगळं अंदाजपंचे. हॅचबॅकला मान वळवली की मागची काच दिसते आणि काच संपली की गाडी संपली. कॅमेरा आहे हो, पण पावसात त्यावर थेंब बसला की त्या स्क्रीनवर काय दिसतं ते ज्याला कळेल त्याला माझा नमस्कार.

गाडी चालवायचा कंटाळा यायचा तो मुळात चालवण्याचा नव्हताच, लावण्याचा होता. हे मला छोटी घेतल्यावर कळलं.

भटकभवानी
मालतीताई, मान्य, पण हे सगळं गावात. चार माणसं, चौघांचं सामान, एसी चालू आणि समोर लांबलचक चढ असला की तीच छोटी गाडी कशी धापा टाकते ते बघा. दुसऱ्यावरनं तिसऱ्यात टाकली की मरगळते, परत दुसरा. ट्रकला ओव्हरटेक करायचं तर आधी दहा गणितं करा. मी पस्तावलेल्या गटात. माझं बरंचसं ड्रायव्हिंग लांबचं असतं आणि तिथे ती हलकीफुलकी गाडी वारा आला की हलते पण.

क्लचप्लेट
भटकभवानी, तुमचं बरोबर आहे. एसीच्या कॉम्प्रेसरला लागणारी ताकद छोट्या इंजिनाला आणि मोठ्या इंजिनाला फार वेगळी नसते, पण छोट्याच्या एकूण ताकदीतला तो मोठा वाटा असतो, म्हणून फरक जाणवतो. वजनाचं तसंच. ९०० किलोच्या गाडीत चार माणसं आणि सामान मिळून ३५० किलो टाकले तर वजन जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढलं. १६०० किलोच्या गाडीला तेच २२ टक्के. छोटी गाडी भरली की तिचा स्वभावच बदलतो.

आता ॲव्हरेजबद्दल, कारण यात बहुतेक सगळे फसतात. महिन्याला १००० किमी धरा. लिटरला १० देणारी गाडी १०० लिटर पिते. १५ देणारी साधारण ६७ लिटर. म्हणजे वाचले ३३. आता २० वरून २५ वर जा. ५० लिटरचे झाले ४०. वाचले १०. दोन्हीकडे फरक पाचाचाच दिसतो पण खिशात पडणारी रक्कम तिपटीहून जास्त वेगळी. त्यामुळे हत्तीवरून हॅचबॅकवर आलात तर घसघशीत फायदा, पण एका हॅचबॅकचं २१ आणि दुसरीचं २३ म्हणून रात्र रात्र यूट्यूब बघणाऱ्यांनी झोपावं.

टाकीफुल्ल
हे वैयक्तिक होतं.

खटपट्या
कोणी मागच्या दरवाजाबद्दल का बोलत नाहीये? अहो, हॅचबॅकमधला 'हॅच' तोच ना! माझ्यासाठी तेवढंच कारण पुरेसं आहे.

सेडानची डिकी लिटरमध्ये मोठी, पण तोंड अरुंद. मोठ्ठं खोकं असलं की आत जागा आहे, पण आत जायला वाट नाही. हॅचबॅकला पार्सल ट्रे काढा, मागची सीट पाडा, पुढच्या सीट जराशा पुढे घ्या, आणि मग बघा काय काय जातं. वॉशिंग मशीन उभं नाही तर आडवं (आडवं नेताना ड्रम लॉक करायचे बोल्ट लावा, नाहीतर आतल्या आत आपटतो), सायकल पुढचं चाक काढून, कपाटाच्या फळ्या थेट डॅशबोर्डपर्यंत. फळ्यांचं एक टोक गिअरजवळ येतं, तिसरा टाकताना कोपर लागतं, चालायचंच.

फक्त घेताना दोन गोष्टी बघा. मागची सीट ६०:४० पडते की अख्खी एकत्र पडते, स्वस्त मॉडेलला अख्खीच पडते आणि मग लांब सामान असलं की मागे एक पण माणूस नाही. आणि सीट पाडल्यावर तळ सपाट होतो की मध्ये पायरी राहते. होंडा जॅझची पहिली पिढी, २००१ ची, तिने पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली सरकवली आणि मागच्या सीटची बैठक सिनेमा थिएटरच्या खुर्चीसारखी वर उचलली जाईल असं केलं. उभी कुंडी झाडासकट जाते. त्यांच्या इंजिनिअरांचे पाय धरावेसे वाटतात.

रानजाई
खटपट्याभाऊ, तुम्ही गाडी घेतलीये की टेम्पो? :)

अवांतर: हॅचबॅकच्या मागच्या काचेला वायपर असतो आणि सेडानला बहुतेक नसतो, असं का? कंजूषपणा?

क्लचप्लेट
रानजाई, नाही, हवेमुळे. सेडानमध्ये छतावरून आलेली हवा उतरत्या काचेवरून बऱ्यापैकी चिकटून खाली येते आणि थेंब उडवून नेते. हॅचबॅकचं छत मागे एकदम संपतं, तिथे हवा गाडीला सोडते आणि मागे भोवरा तयार होतो. चाकांनी उडवलेलं चिखलपाणी त्या भोवऱ्यात सापडून परत काचेवर येऊन बसतं. पावसात अर्धा तास चालवून बघा, बाजूच्या काचा ठीक आणि मागची तपकिरी. म्हणून हॅचबॅक घेताना मागचा वायपर आणि डीफॉगर (काचेवरची वाफ घालवणारा) नसलेलं मॉडेल घेऊ नका, अलॉय चाकं नसली तरी चालेल.

काळजीवाहू
सगळे मजेत लिहिताय, पण मूळ मुद्दा कोणी काढत नाहीये. सुरक्षितता. ज्याला परवडतं त्याने घरच्यांना पत्र्याच्या डब्यात का बसवावं? डोळ्यादेखत बघितलंय, मोठ्या गाडीचा बंपर गेला आणि छोटीचा पुढचा भागच राहिला नाही. पार्किंग सोपं पडतं म्हणून जीव धोक्यात घालायचा?

क्लचप्लेट
काळजीवाहू, भौतिकशास्त्र तुमच्या बाजूने आहे, आधीच कबूल करतो. १५०० किलोची आणि ९०० किलोची गाडी, दोन्ही ५० च्या वेगाने समोरासमोर धडकल्या आणि एकमेकींत अडकल्या असं धरा. दोन्ही मिळून मोठीच्या दिशेने साडेबाराच्या वेगाने सरकतील. म्हणजे मोठीचा वेग बदलला साडेसदतीसने आणि छोटीचा साडेबासष्टने, कारण ती थांबून उलटी मागे ढकलली गेली. तो धक्का आतल्या माणसांनाच बसतो.

आणि स्टार रेटिंगबद्दल एक सांगतो, ग्लोबल एनकॅप ही गाड्या धडकवून सुरक्षेचे स्टार देणारी संस्था, तिच्या समोरच्या धडकेच्या चाचणीत गाडी ६४ च्या वेगाने एका पक्क्या बसवलेल्या अडथळ्यावर नेतात. गाडी जितकी हलकी तितकी तिची स्वतःची ऊर्जा कमी. म्हणजे ती चाचणी साधारण आपल्याच वजनाच्या गाडीशी टक्कर झाल्यासारखी. त्यामुळे पाच स्टारची छोटी आणि पाच स्टारची मोठी यांची तुलना होत नाही. पण शून्य स्टारची छोटी आणि पाच स्टारची छोटी यांची होते, आणि तो फरक प्रचंड आहे. टाटा अल्ट्रोझ हॅचबॅकच आहे, तिला २०२० मध्ये प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाच स्टार मिळाले होते. तेव्हा 'हॅचबॅक म्हणजे डबा' हे सरसकट नको.

भटकभवानी
आणि उंच गाडी उलटण्याची शक्यता जास्त असते, तेही सांगा की. मी मोठ्या गाडीच्या बाजूची असूनही सांगतेय. शिवाय मोठी गाडी पादचाऱ्याला लागली तर बॉनेटच छातीएवढं. आतल्यांची सुरक्षा बघताना बाहेरचा पण माणूसच असतो ना.

काळजीवाहू
ते ठीक. पण माझं मत बदललेलं नाही.

जुनाबाजार
थोडा इतिहास लिहितो, कारण हा प्रश्न गाड्या बनवणाऱ्यांनाही पडला होता आणि त्यांना तो प्रत्येक वेळी तेलाने पाडला.

१९५६ ला सुएझ कालव्याचं प्रकरण झालं, तेलाची वाट अडली, ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं. त्यातून ॲलेक इसिगोनिस या इंजिनिअरने मिनी ही गाडी आणली, १९५९ मध्ये. लांबी जेमतेम दहा फूट, चाकं दहा इंची, आणि चार माणसं खरोखर बसायची. युक्ती काय, तर इंजिन गाडीच्या लांबीत उभं न ठेवता रुंदीत आडवं टाकलं, गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली तेलाच्या कढईतच बसवला आणि ताकद पुढच्या चाकांना दिली. मागे शाफ्ट न्यायची भानगड संपली. पण गंमत म्हणजे मिनी हॅचबॅक नव्हती, तिला छोटी डिकी होती. पाच दरवाजांची स्वस्त हॅचबॅक लोकांच्या दारात नेली ती रेनॉ ४ ने, १९६१ ला. ८० लाखांवर गाड्या खपल्या.

इसिगोनिसच्या त्या रचनेत इंजिन आणि गिअरबॉक्सला एकच तेल. फियाटच्या दान्ते जाकोसाने गिअरबॉक्स इंजिनाच्या बाजूला, टोकाला लावला आणि चाकांकडे जाणारे दोन शाफ्ट कमीजास्त लांबीचे केले. १९६४ च्या आउटोबिआंकी प्रिमुलामध्ये, म्हणजे दुसऱ्या नावाने विकल्या जाणाऱ्या गाडीत, हे आधी करून बघितलं, म्हणजे फसलं तर फियाटचं नाव खराब व्हायला नको! आज तुमच्या आमच्या हॅचबॅकचं बॉनेट उघडलंत तर बहुतेक हीच रचना दिसेल.

मग १९७३ चं तेलसंकट, काही महिन्यांत कच्चं तेल जवळजवळ चौपट. होंडा सिव्हिक आणि रेनॉ ५ नुकत्याच, १९७२ मध्ये, आलेल्या, त्यांचं फावलं. १९७४ ला फोक्सवॅगनने मागे इंजिन असलेल्या बीटलचा जुना संसार सोडून गोल्फ आणली. आपल्याकडची मारुती ८०० आली १९८३ च्या डिसेंबरात, ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. आजच्या हॅचबॅकांपुढे ती पोर वाटेल.

टाकीफुल्ल
म्हणजे सुएझपासून आजपर्यंत कारण ॲव्हरेजच. मी पहिल्याच प्रतिसादात धागा बंद करायला सांगितलं होतं.

रानजाई
कोणीतरी धागा कालव्यातून बाहेर काढा.

शतपावली
वयाने जरा मोठी आहे म्हणून एक मुद्दा. गुडघे. बुटक्या गाडीत बसताना आपण बसत नाही, पडतो. उतरताना दाराला धरून स्वतःला उपसून काढावं लागतं. उंच एसयूव्हीत उलट, पाय उचलून चढावं लागतं, साडी असली की आणखी तारांबळ. उभट हॅचबॅक असतात ना, वॅगनआर १९९३ मध्ये जपानात आली तेव्हापासून ही तऱ्हा रुळली, त्यांची सीट बरोबर कमरेच्या उंचीला येते. नुसतं वळायचं, टेकायचं आणि पाय आत घ्यायचे. जपानात तर छोट्या गाड्यांचा वर्गच वेगळा आहे, केई म्हणतात, लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर आणि इंजिन ६६० सीसी याच्या पुढे जायचं नाही. आडवं वाढता येईना म्हणून ते लोक उभे वाढले.

रिकामटेकडा, घरात कोणी साठीपुढचं असेल तर त्यांना शोरूममध्ये न्या आणि पाच वेळा बसवा-उतरवा. ब्रोशर नंतर.

मालती_म
शतपावलीताई, अगदी अगदी! आईला घेऊन गेले तेव्हा सेल्समन सनरूफ दाखवत होता आणि आई दाराच्या वरच्या हँडलला धरून लटकून बघत होती.

सावकार
खर्चाचं सगळेजण पेट्रोलवर संपवतात, पण खरा खर्च नंतर असतो. तेराचौदा इंची टायर आणि सतराअठरा इंची टायर यांचे भाव एकदा टायरवाल्याला विचारून या. बॅटरी लहान, ब्रेक पॅड लहान, इंजिन ऑइल तीन लिटरच्या आसपास, मोठीला पाच-सहा. विमा कमी. आणि घसारा! गाडी मोठी असो की छोटी, टक्क्यात सारखीच उतरते असं धरलं तरी मोठ्या रकमेचे टक्के मोठे.

वर कोणीतरी हायब्रीडचं म्हणालं. हायब्रीडचा वरचा पैसा वसूल व्हायला रनिंग भरपूर हवं. तुमचं नसेल तर साधी पेट्रोल हॅचबॅक.

अधिकउणे
सावकार, एक फाटा फोडतो. १८६५ मध्ये जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञाने कोळशाबद्दल म्हणून ठेवलंय की यंत्र कमी कोळशात जास्त काम करायला लागलं की कोळसा एकूणात कमी नाही, जास्त जळतो, कारण वापर परवडायला लागतो. आमच्याकडे हेच झालं. छोटी आल्यावर कोथिंबीर आणायला पण गाडी निघायला लागली. आणि असल्या दोन-दोन किमीच्या फेऱ्यांत इंजिन गरमच होत नाही, त्यामुळे कंपनीने सांगितलेलं ॲव्हरेज फक्त कागदावर.

सावकार
कोथिंबीर चालत आणा.

खटपट्या
मला एक कळत नाही, एवढे फायदे आहेत तर कंपन्याच छोट्या गाड्या बंद का करतायत? फोर्ड फिएस्टा १९७६ पासून चालू होती, जुलै २०२३ ला शेवटची निघाली.

सावकार
कारण फायदे आपले आहेत, त्यांचे नाहीत. एअरबॅग, सेन्सर, धुराच्या नियमांसाठी लागणारी सामग्री, हे छोट्या गाडीलाही जवळपास तेवढंच लागतं, पण किंमत तेवढी लावता येत नाही. त्याच सांगाड्यावर थोडी उंच गाडी बनवून बाजूला काळं प्लास्टिक चिकटवलं की तिला एसयूव्ही म्हणून जास्त भाव. २०२३ मध्ये जगात विकल्या गेलेल्या गाड्यांतल्या जवळपास निम्म्या एसयूव्ही होत्या. लोक घेतायत, ते विकतायत.

भटकभवानी
काळं प्लास्टिक! हसून हसून पुरेवाट. माझी तशीच आहे.

पण खरं सांगू का, उंचावर बसायला बरं वाटतं. चार गाड्या पुढचं दिसतं. त्याला दिखावा म्हणायचं तर म्हणा.

निवांत_नाना
बराच वेळ वाचतोय, आता लिहितो. आमच्याकडे दोन्ही आहेत, एक मोठी एक छोटी. मोठी घेतली तेव्हा सगळ्यांना हौस. आज स्थिती अशी की मोठीची किल्ली खुंटीवर असते आणि छोटीची कोणाकडे आहे यावरून भांडणं होतात. सून नेते, मुलगा नेतो, मी नेतो, नात आत्ताच शिकली ती पण तीच मागते. मोठी फक्त मुलगा चालवतो आणि तोही सगळे एकत्र जाणार असले तरच. बायकोला मी विचारलं, तुला मोठी चालवता येते की, मग? म्हणाली, येते, पण ती घेतली की बाहेर पडायच्या आधी कुठे लावायची याचा विचार करावा लागतो.

परवडण्याचं गणित सगळे मांडतात. पण जी गाडी घरातला एकच जण चालवणार, तिच्यासाठी बाकीच्यांनी त्याच्या वेळेवर अवलंबून राहायचं, हे गणितात कुठे धरतात?

रिकामटेकडा
नाना, हे घरात मोठ्याने वाचून दाखवलं. शांतता पसरली. मग बायको म्हणाली, "म्हणजे मी पण चालवणार असेन तर छोटी." मी म्हटलं, तू चालवणारच आहेस. ती म्हणाली, आजपर्यंत तू दिलीस कधी?

तर प्रश्न आता वेगळ्याच वळणावर आहे. :) पण काळजीवाहूंचा मुद्दाही डोक्यातून जात नाहीये. यादी आता अशी केलीये: छोटी, उभट, सहा एअरबॅग, मागचा वायपर, ६०:४० सीट. ऑटोमॅटिक घ्यावी का यावर वाद चालू आहे.

क्लचप्लेट
छोट्या गाड्यांत स्वस्तातली ऑटोमॅटिक म्हणजे बहुतेक एएमटी. साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मोटार करते. ॲव्हरेजला तोशीस नाही, दुरुस्ती सोपी, पण गिअर बदलताना मान हलते. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक, मऊ पण महाग. एएमटीत चढावर थांबून परत निघताना गाडी मागे जाते का, ते बघून घ्या, हिल होल्ड असलेलीच घ्या. आणि टेस्ट ड्राइव्ह एकट्याने नको. घरचे सगळे बसवा, एसी लावा आणि भटकभवानींनी सांगितलेल्या चढासारखा एखादा चढ शोधा. सेल्समन सपाट रस्त्यावरूनच फिरवून आणेल, ऐकू नका.

काळजीवाहू
मागच्या मधल्या माणसाला तीन बिंदूंचा पट्टा आहे का तेही बघा. काही ठिकाणी नुसता कमरेचा असतो.

खटपट्या
आणि स्टेपनी! काही गाड्यांत पूर्ण आकाराचं चाक नसतं, पातळ असतं नाहीतर नुसता पंक्चर किट. डिकीचा तळ उचलून स्वतः बघा. जॅक आणि पाना आहे का ते पण.

रानजाई
रंग कोणता घेताय?

रिकामटेकडा
रानजाई, त्यासाठी वेगळा धागा काढतो.